वाचकांचे प्रश्न : कर्करोगाचे उपचार, घर, गाव आणि सोबतीची माणसे

कर्करोगाच्या उपचारांबद्दल आलेल्या पत्रांमध्ये औषधांपेक्षा रोजच्या जगण्याचेच प्रश्न अधिक आहेत, म्हणून त्यांपैकी चार पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे आणि गावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय 43 आहे. निलंगा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया दिवाळीच्या बरीच आधी झाली, काखेतल्या गाठीही काढल्या आणि आता दर 21 दिवसांनी केमो चालू आहे. डोक्यावरचे केस गेले. सासूबाईंनी माझे ताट-तांब्या वेगळे ठेवले आहेत. त्या मनाने वाईट नाहीत, पण शेजारणींनी त्यांच्या डोक्यात भरवून दिले आहे. नवरात्रात दर वर्षी सवाष्ण म्हणून येणारे बोलावणे यंदा आले नाही. घरच्यांनी गावात ‘पोटात अल्सर आहे’ असे सांगून ठेवले आहे. आता वेळ अमावस्या तोंडावर आली. शेतात जावे की घरीच बसावे? आणि माझ्यासारख्या दुसऱ्या बायका मला कुठे भेटतील?

उत्तर : ताई, आधी ताट-तांब्याचे बोलू. कर्करोग म्हणजे आपल्याच शरीरातील पेशींची बेसुमार वाढ. तो भांड्यांमधून, अंथरुणातून, एका ताटात जेवल्याने किंवा लेकराला कुशीत घेतल्याने दुसऱ्याला होत नाही. मात्र सासूबाईंना ही गोष्ट तुम्ही सांगून पटेल असे मला वाटत नाही, कारण सुनेच्या शब्दाला आणि डॉक्टरांच्या शब्दाला आपल्या घरांमध्ये सारखे वजन नसते. पुढच्या केमोला त्यांनाच सोबत न्या आणि हा प्रश्न त्यांच्यादेखत डॉक्टरांना किंवा तिथल्या सिस्टरना विचारा. त्याच भेटीत त्यांना दुसरी बाजूही कळेल, ती अशी की सध्या जपायचे आहे ते इतरांना तुमच्यापासून नव्हे, तर तुम्हाला इतरांच्या सर्दी-खोकल्यापासून. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. घरात थर्मामीटर ठेवा, आणि ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

वेळ अमावस्येला जरूर जा, पण त्याआधी कॅलेंडरवर दोन तारखा शेजारी मांडून पाहा. अमावस्या डोसनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात येत असेल, तर डॉक्टरांना फोन करून विचारा आणि त्यांनी नको म्हटले तर त्या वर्षापुरते ऐका. ती पुढच्या डोसच्या अगदी आधी येत असेल, तर बहुधा अडचण येणार नाही. शेतात भज्जी चुलीवरून उतरल्याबरोबर गरम असताना खा, उंडेही ताजे खा. आंबील मात्र रात्रभर मडक्यात आंबवलेली, ताक घातलेली आणि दहा हातांनी ढवळलेली असते, त्यामुळे यंदा तिला नमस्कार करून पुढे जा. न धुतलेली बोरे, पेरू आणि शेतातच उपटलेला हरभऱ्याचा डहाळा यांनाही तोच नियम लावा. पिण्याचे पाणी घरून उकळून बाटलीत न्या. टँकरचे किंवा आठ-दहा दिवस साठवलेले पाणी आपल्याकडे नित्याचे असल्याने हे केवळ सणापुरते नाही, उपचार संपेपर्यंत पाळायचे आहे. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा मांडली जाते तेव्हा तिथे बसायला काहीच हरकत नाही, फक्त संध्याकाळी पेंढ्या पेटवल्यावर धुरापासून लांब थांबा.

शेतात गेल्यावर काम केल्याशिवाय तुमच्याने राहवणार नाही, हेही मी गृहीत धरते. ज्या बाजूच्या काखेतील गाठी काढल्या आहेत, त्या हाताला पुढे अनेक वर्षे सूज येण्याची शक्यता राहते, आणि साधी जखम किंवा जंतुसंसर्ग तिला निमित्त ठरू शकतो. हरभऱ्याच्या आंबीने हाताची आग होते हे तुम्हाला मी सांगायला नको; काटे, विळ्याचे कापणे, चुलीचा चटका आणि भरलेली घागर या सगळ्यांपासून तो हात सांभाळा. लांब बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून हलके काम करता येते, आणि डॉक्टरांनी शिकवलेले खांद्याचे व्यायाम न चुकता केले तर हात मोकळा राहतो. हात अजिबात न हलवणे हा जपण्याचा मार्ग नाही. सुई टोचण्यासाठी किंवा रक्तदाब मोजण्यासाठी शक्यतो दुसरा हात पुढे करा. हात जड वाटू लागला किंवा बांगड्या आणि ब्लाऊजची बाही घट्ट होऊ लागली, तर सूज पुरती दिसेपर्यंत थांबू नका.

केस शेवटच्या केमोनंतर काही आठवड्यांत उगवू लागतात आणि तीन ते सहा महिन्यांत डोके झाकले जाते. तोवर पदराखाली मऊ सुती रुमाल बांधलेला बरा, कारण उन्हात उघडे डोके पोळते. शस्त्रक्रियेची जखम पूर्ण भरल्यावर, आणि शेक म्हणजे रेडिएशन द्यायचे असेल तर ते संपून कातडी बरी झाल्यावर, ब्लाऊजला आतून कप्पा शिवून घेता येतो. त्यात ठेवायची सुती कापडाची उशी कोणताही सराईत शिंपी किंवा शिवणकाम जाणणारी बाई करून देईल. नुसता कापूस भरला तर ती वर सरकते, म्हणून वजनासाठी आत थोडे राळे किंवा मोहरी घालतात. बाजारात सिलिकॉनचीही मिळते, पण मराठवाड्याच्या मे महिन्यात कापडी अधिक सुसह्य होते असे अनेक जणी सांगतात.

आता ‘अल्सर’चे. कोणाला काय सांगायचे हा अधिकार सर्वस्वी तुमचा आहे आणि सगळ्या गावाला सांगितलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही. पण घरच्यांनी ठरवलेली ही गोष्ट निभावण्याचे काम एकट्या तुमच्यावर पडले आहे, आणि त्याची दमणूक केमोच्या दमणुकीत भर घालते. शिवाय अल्सरच्या बाईचे केस का गेले हे गावाला कळत नाही असे थोडेच आहे? लोकांना अर्धवट कळते आणि उरलेले ते भीतीने भरून काढतात. म्हणून एकीला निवडा. बचत गटातली एखादी असेल, आशाताई असतील, माहेरच्या गावची असेल. तिला रोगाचे नाव घेऊन सांगा, आणि सांगताना एक नेमके काम मागा : डोसनंतरचे तीन दिवस पाणी भरून देशील का, किंवा पोराला शाळेत सोडशील का. ‘काही लागले तर सांग’ असे म्हणणाऱ्या माणसाला बहुधा काय करावे हे खरेच कळत नसते. नेमके काम मिळाले की ती बाई घरात येऊ लागते, आणि ती घरात येऊन चहा पिते हे चार जणींनी पाहिले की वेगळ्या तांब्याची गोष्ट आपोआप मागे पडते.

आपल्या भागातल्या बायकांशी या विषयावर बोलता येत नाही, हे मला मान्य नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात 52 ग्रामसमूहांमधील 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली चाचणी त्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी करते, हा 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगाला या गावांमुळे मिळाला. ती तपासणी करवून घेणाऱ्या बायका तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या आहेत.

तुमच्यासारख्या बायका तुम्हाला केमोच्या वॉर्डातच भेटतील. 21 दिवसांचे चक्र असल्याने त्याच त्या चेहऱ्यांशी गाठ पडते. सलाईन चालू असताना तीन-चार तास शेजारी बसलेल्या बाईचा फोन नंबर घ्या. त्याहून उपयोगी म्हणजे, जिचे उपचार संपून दोन-तीन वर्षे झाली आहेत अशा एखादीशी बोलणे करून द्या, अशी विनंती रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना करा. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक हे पद असते आणि हे त्यांच्या कामातच येते. या मैत्रिणींशी औषधांच्या मात्रेची तुलना मात्र करू नका, कारण एकाच नावाच्या कर्करोगाचे उपचार दोघींना वेगवेगळे असू शकतात. झोप लागत नाही, तोंडाला चव नाही, नवरा बोलत नाही, हे बोलायला त्यांच्याइतके योग्य कोणी नाही.

प्रश्न : माझे वडील 57 वर्षांचे आहेत. परभणी जिल्ह्यात राहतो. तंबाखूमुळे त्यांना गालाचा कर्करोग झाला. ऑपरेशन आणि रेडिएशन होऊन सात महिने झाले. तोंड जेमतेम उघडते, बोललेले नीट कळत नाही, जेवताना ओघळते. ते मागच्या खोलीत एकटे जेवतात. पारावर जाणे बंद केले. दर वर्षी सप्ताहात पुढे असणारा माणूस यंदा पंगतीला आला नाही. आम्ही सगळे समजावून थकलो.

उत्तर : समजावणे काही दिवस थांबवा. पंगतीत ज्याच्या तोंडातून घास ओघळतो त्याला ‘लोक काही म्हणत नाहीत’ असे सांगून धीर येत नाही, कारण लोक पाहतात हे त्याला दिसत असते. आधी तोंड उघडण्याकडे वळू या. निरोगी माणसाच्या पुढच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटे उभी मावतात. वडिलांची किती मावतात ते पाहा आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून त्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि काही दिवसांनी एकेक काडी वाढवायची, ही पद्धत सर्रास वापरली जाते. दिवसातून अनेक वेळा, थोडा थोडा वेळ आणि कित्येक महिने हे करावे लागते. काड्या मोजून रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवण्याचे काम नातवाला द्या, आजोबा त्याचे ऐकतील.

रेडिएशननंतर लाळ कमी होते, त्यामुळे कोरडा घास उतरत नाही. ज्वारीच्या कण्या, दुधात किंवा वरणात कुस्करून मऊ केलेली भाकरी, तूप घातलेला मऊ भात, बारीक कुटलेले शेंगदाणे घालून केलेली पातळ आमटी आणि ताक हे चालते. तिखट आणि आंबट जपून घ्यावे. वजन दर आठवड्याला पाहा. एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते : जबड्याला रेडिएशन झालेल्या माणसाचा दात कितीही दुखला तरी तालुक्याच्या गावी परस्पर काढून घेऊ नये. जबड्याचे हाड भरून येण्याची शक्ती कमी झालेली असते. दंतवैद्याला आधी फाईल दाखवावी आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावे. तोंडात नवी जखम किंवा गळ्यात नवी गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर ठरलेल्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नये.

राहिला गावाचा प्रश्न. पंगतीत जेवणे हीच पंगतीत असण्याची एकमेव रीत नाही. त्यांनी घरी जेवून जावे आणि वाढप्यांवर देखरेख करावी, पाण्याचे पाहावे. जो माणूस वर्षानुवर्षे सप्ताह सांभाळतो त्याला कुठे काय कमी पडते हे तोंडाने फार बोलावे लागत नाही. भजनात गाता येत नसेल तर टाळ धरता येतो. हे मात्र तुम्ही न सांगता भजनी मंडळातल्या त्यांच्या जुन्या सोबत्याने घरी येऊन सांगावे : ‘दादा, सप्ताहात तुम्ही पाहिजेत, कोठी कोण बघणार?’ मुलगा काळजीपोटी बोलतो आणि सोबती गरज म्हणून बोलवतो, हा फरक त्या वयाच्या माणसाला लगेच कळतो.

त्याच सोबत्याला दुसरी एक गोष्टही सांगा. पारावर बसले की तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी फिरते, आणि ती नाकारताना वडिलांना दर वेळी आपला आजार पुन्हा सांगावा लागतो. गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण पारावर बंदी कोण आणणार? दोन जवळच्या मित्रांनी त्यांच्यासमोर पुडी काढायची नाही एवढे ठरवले तरी पुष्कळ आहे. त्यांपैकी कोणाला स्वतःलाच सोडावीशी वाटली, तर 1800112356 हा तंबाखूमुक्तीसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. आणि त्यांचे बोलणे अस्पष्ट असले तरी घरात त्यांचे वाक्य दुसऱ्याने पुरे करू नये. हे ‘आम्ही सगळे’ मध्ये येणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

प्रश्न : आम्ही हिंगोली जिल्ह्यातले. आईचे उपचार मुंबईत परळला चालू आहेत. येण्या-जाण्यात आणि राहण्यात कंबरडे मोडले. काही सवलत आहे का?

उत्तर : आहे, आणि ती मागून घ्यावी लागते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत, म्हणजे 100 टक्के मिळते, आणि सोबतच्या एका माणसाला याच वर्गांत 75 टक्के. त्यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र रुग्णालयातून भरून घ्या. परभणी किंवा नांदेडहून देवगिरी, नंदीग्राम आणि तपोवन या गाड्या आहेत. केमो झाल्यावर परतीला तपोवनसारख्या दिवसभर बसून येण्याच्या गाडीपेक्षा रात्री झोपून येता येईल अशी गाडी आईला सोपी जाईल. एसटीत मार्च 2023 पासून सर्वच स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कर्करोगाच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची अल्प खर्चात सोय होते. जागा मिळण्यासाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागाची चिठ्ठी न्या. तिथे विदर्भापासून कोकणापर्यंतची माणसे एका मजल्यावर राहतात, आणि कोणत्या खिडकीवर कधी गर्दी कमी असते इथपासून सगळे शेजारचे बिऱ्हाड सांगते.

उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो आणि चौकशीचा क्रमांक 155388 आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरील नावात फरक असेल तर तो मुंबईला निघण्याआधी दुरुस्त करून घ्या. अर्धे हेलपाटे त्यापायीच होतात.

एक प्रश्न मात्र परळच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा : यापुढचे डोस किंवा मधल्या तपासण्या जवळ करता येतील का? छत्रपती संभाजीनगरला 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, लातूरला विवेकानंद रुग्णालयात कर्करोगाचे उपचार होतात. सगळ्याच उपचारांना हे लागू होईल असे नाही, पण विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही, आणि पुष्कळ वेळा ते लिहून देतात.

प्रश्न : मी 26 वर्षांचा आहे, अंबाजोगाईचा. हॉजकिन्स लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, केमो संपून एक वर्ष झाले. रिपोर्ट चांगले आहेत. संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. सगळे म्हणतात आता तू बरा झालास, पण तपासणीची तारीख जवळ आली की आठ दिवस झोप लागत नाही. खोलीतल्या मित्रांना यातले काही माहीत नाही. घरी स्थळे पाहायला सुरुवात झाली आहे आणि आई म्हणते, सांगू नकोस.

उत्तर : उपचार चालू असताना रुग्णाभोवती माणसे असतात, आणि उपचार संपले की ती आपापल्या कामाला लागतात, भीती मात्र तेव्हाच सवड काढून येते. हे तुम्हालाच होते असे नाही. तपासणीच्या आधीचे आठ दिवस अभ्यासाचे मोठे उद्दिष्ट ठेवू नका, उजळणी ठेवा, आणि रिपोर्ट आणायला एकट्याने जाऊ नका. खोलीतल्या एका मित्राला एवढ्याच कामासाठी सांगितले तरी पुरे. झोप महिनाभर अशीच उडालेली राहिली, तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या, निःशुल्क क्रमांकावर मराठीतून समुपदेशकाशी बोलता येते. तुमच्या वयाचे, हाच आजार झालेले लोक गावात सापडणार नाहीत. तपासणीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात मात्र बसलेले असतात. डॉक्टरांकडे तशी ओळख मागा.

लग्नाच्या बाबतीत मी तुमच्या आईच्या विरुद्ध मत देते आहे, याची मला कल्पना आहे. पहिल्या फोनवर सांगण्याची गरज नाही. पण पसंती झाल्यावर आणि सुपारी फुटण्याआधी मुलीला स्वतः सांगा, आणि तिला हवे असेल तर तिला किंवा तिच्या वडिलांना तुमच्या डॉक्टरांना भेटू द्या. हॉजकिन्स हा बरे होण्याचे प्रमाण पुष्कळ चांगले असलेल्या कर्करोगांपैकी आहे, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकणे वेगळे असते. काही औषधांचा मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा वीर्यतपासणी आधीच करून घ्या, म्हणजे त्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यावे लागणार नाही. एखादे स्थळ मोडेल, कदाचित दोनही मोडतील. लपवून केलेल्या लग्नात पुढच्या प्रत्येक तपासणीला बायकोला काही तरी खोटे कारण सांगून घराबाहेर पडावे लागेल, त्यापेक्षा ते बरे.

तुम्ही पत्रात शेवटी विचारले आहे की महाविद्यालयाच्या रक्तदान शिबिरात मित्र ओढत नेतात तेव्हा काय सांगावे. तुम्हाला रक्त देता येणार नाही. ‘वैद्यकीय कारणाने मला चालत नाही’ एवढेच सांगा आणि नाव-नोंदणीच्या टेबलावर बसा, तिथे नेहमीच माणूस कमी असतो.